टेडी वेदरफर्ड : एका कृष्णवर्णीय पियानोवादकाची शिकागो ते मुंबई-कलकत्ता ही वाटचाल

संगीताच्या इतिहासाचे साधन कोणते मानावे, या प्रश्नाचे उत्तर गेल्या शंभर वर्षांत पालटले आहे. पूर्वी ग्रंथ, बंदिशींच्या वह्या आणि गुरुशिष्यांच्या आठवणी यांवर इतिहास उभा राहत असे. ध्वनिमुद्रणाचा प्रसार झाल्यानंतर ज्याच्या तबकड्या निघाल्या तोच इतिहासात शिरला आणि ज्याच्या निघाल्या नाहीत, किंवा चुकीच्या वेळी व चुकीच्या ठिकाणी निघाल्या, तो बाहेर राहिला. टेडी वेदरफर्ड हा अमेरिकन कृष्णवर्णीय पियानोवादक या दुसऱ्या वर्गातील होय. जॅझच्या इतिहासग्रंथांत त्याच्या वाट्याला बहुधा एखादा परिच्छेद येतो, आणि तोही ‘आशियात निघून गेलेला वादक’ एवढ्याच ओळखीने संपतो. अमेरिकेच्या दृष्टीने तो निघून गेला हे खरे; परंतु जो एका ठिकाणाहून जातो तो दुसऱ्या कोठेतरी पोहोचतो, आणि वेदरफर्ड जेथे पोहोचला ती ठिकाणे शांघाय, मुंबई आणि कलकत्ता ही होती. त्याच्या कारकीर्दीचा उत्तरार्ध हा मुंबईच्या, आणि पर्यायाने महाराष्ट्रातील लोकप्रिय संगीताच्या, इतिहासाचा भाग ठरतो. त्या दृष्टीने त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

त्याचा जन्म 11 ऑक्टोबर 1903 रोजी व्हर्जिनिया राज्यातील पोकाहॉन्टस या कोळशाच्या खाणींच्या गावी झाला. मुंबईचे ताजमहाल हॉटेल त्याच वर्षी, 16 डिसेंबर रोजी, उघडले. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्याला काही अर्थ चिकटविण्याचे कारण नाही. मात्र सालांची आठवण ठेवण्यास तो सोयीचा आहे. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास वेदरफर्ड न्यू ऑर्लिन्स येथे राहावयास गेला आणि तेथील चार वर्षांत त्याने पियानो आत्मसात केला. पुढे 1920 नंतरच्या आरंभीच्या वर्षांत तो शिकागोस आला. दक्षिणेकडील लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे त्या काळात जातिभेदाला आणि शेतावरील वेठीला कंटाळून उत्तरेच्या कारखान्यांकडे निघाली होती, आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे संगीतही निघाले होते.

त्या संगीताचे स्वरूप येथे थोडे सविस्तर पाहणे आवश्यक आहे. कारण वेदरफर्डच्या पियानोचे मर्म त्यावाचून कळणार नाही, आणि मराठी अभ्यासकाला परिचित असलेल्या संज्ञांत ते सांगता येण्याजोगे आहे.

‘ब्लूज’ हा मुळात गाण्याचा प्रकार. त्याच्या रूढ घाटात बारा खंड असतात व प्रत्येक खंड चार मात्रांचा असतो; म्हणजे एक आवर्तन अठ्ठेचाळीस मात्रांचे होते. या आवर्तनाचे चार-चार खंडांचे तीन भाग पडतात. गायक पहिली ओळ म्हणतो, दुसऱ्या भागात तीच ओळ पुन्हा म्हणतो आणि तिसऱ्या भागात तिला उत्तर देणारी नवी ओळ जोडतो. पुनरुक्तीचा व्यावहारिक उपयोग उघड आहे : पुढची ओळ सुचेपर्यंत गायकाला अवधी मिळतो. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या स्त्रीला ही सोय समजावून द्यावी लागणार नाही. साथीचा पाया तीन स्वरमेळांवर उभा असतो : षड्जावरील, मध्यमावरील आणि पंचमावरील. आवर्तनाचा आरंभ षड्जावर, मध्यभाग मध्यमाकडे झुकलेला, आणि शेवटच्या भागात पंचमावरून पुन्हा षड्जाकडे परतणे, अशी ही फेरी असते. समेवर येण्याचा जो आनंद भारतीय श्रोत्याला आवर्तनाच्या टोकाशी मिळतो, तो येथे स्वरमेळाच्या परतीने मिळतो.

ब्लूजचा खरा रंग मात्र त्याच्या गंधारात आहे. हा गंधार धड कोमल नव्हे, धड शुद्धही नव्हे. गायक त्या दोहोंच्या मधल्या जागी कोठेतरी स्वर लावतो, आणि तोही स्थिर न ठेवता वर-खाली हलवितो. निषादाचीही तीच गत. जोग रागात दोन्ही गंधार येतात हे लक्षात घेतले तर या स्वरस्थितीची अंधूक कल्पना येईल. परंतु जोगात ते दोन गंधार वेगवेगळे लागतात, ब्लूजमध्ये ते एकमेकांत मिसळू पाहतात. कंठाला आणि ट्रंपेटला हे साधते. पियानोला साधत नाही, कारण त्याच्या पट्ट्या कायमच्या ठरलेल्या. येथे पियानोवादकापुढे नेमकी तीच अडचण उभी राहते जी आपल्याकडे पेटीवादकापुढे उभी राहिली. पेटीवर मींड येत नाही, श्रुती साधत नाहीत, या आक्षेपावरून 1940 मध्ये नभोवाणीने या वाद्याला दारे बंद केली आणि ती बंदी जवळजवळ तीन दशके टिकली. तरीही मराठी रंगभूमीवरील पेटीवादकांनी कणस्वर, खटके आणि भात्याची जाण यांच्या बळावर गायकीचा आभास उत्पन्न करण्याचे तंत्र सिद्ध केले होतेच. ब्लूजच्या पियानोवादकाने अशीच युक्ती केली. कोमल गंधाराच्या काळ्या पट्टीवरून बोट निसटते घेऊन ते शेजारच्या शुद्ध गंधारावर आदळावे, अथवा दोन्ही पट्ट्या एकदमच दाबाव्यात. कानाला जो भास होतो तो मधल्या स्वराचा. वाद्याच्या उणिवेतून शैली निर्माण होण्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

‘बूगी-वूगी’ हा ब्लूजचाच पियानोवरील एक दांडगा अवतार. टेक्सास आणि लुइझियाना भागातील लाकूडतोड्यांच्या छावण्यांत, मजुरांच्या दारूच्या गुत्त्यांत एकटाच पियानोवाला रात्रभर नाचाची साथ करी. त्याच्याजवळ ढोल नव्हता, खर्जाचे तंतुवाद्य नव्हते. म्हणून त्याने डाव्या हातालाच ढोल केले. चार मात्रांच्या खंडात आठ आघात, म्हणजे अखंड दुगुन, अशी खर्जाची एक छोटी आकृती डावा हात सारखी वाजवीत राहतो. उजवा हात तिच्यावर मनमुराद तुकडे फेकतो. तबल्याच्या स्वतंत्र वादनात पेटीवाला लेहरा धरतो आणि तबलजी त्यावर कायदे-रेले मांडतो. बूगी-वूगीत लेहरा आणि कायदा या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या दोन हातांत आलेल्या असतात. मोरगाव, लोणी भापकर या बाजूच्या जत्रांत तमाशाच्या फडावर तुणतुण्याची न थांबणारी एकसुरी लय आणि तिच्यावर उसळणारी ढोलकी ज्याने ऐकली आहे, त्याला या दोन हातांचे नाते ग्रंथ न वाचताही उमजेल.

या प्रकाराला त्याचे नाव देणारी पाइनटॉप स्मिथ याची ध्वनिमुद्रिका शिकागो येथे 29 डिसेंबर 1928 रोजी मुद्रित झाली. पुढल्याच मार्चमध्ये एका नाचघरातील भांडणात गोळी लागून तो मरण पावला. पुढे दहा वर्षे हे संगीत मजूरवस्तीतच राहिले. 23 डिसेंबर 1938 रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये अल्बर्ट अ‍ॅमन्स, मीड लक्स लुइस आणि पीट जॉन्सन या तिघांनी ते वाजविले आणि साऱ्या अमेरिकेला त्याचे वेड लागले.

वेदरफर्ड या अर्थाने केवळ बूगी-वूगीचा वादक नव्हता, हे स्पष्ट करणे अवश्य आहे. त्याची घडण मुख्यतः त्या शैलीत झाली जीत डावा हात पहिल्या व तिसऱ्या मात्रेला खोल खर्जावर पडतो आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेला मध्य सप्तकातील स्वरमेळावर उडी घेतो. या लांब टांगांच्या चालीवरूनच तिला ‘स्ट्राइड’ हे नाव पडले. ब्लूज हा त्याच्या वादनाचा जमिनीलगतचा थर, आणि त्यावरील बांधकाम या स्ट्राइडचे. त्याच्या डाव्या हाताच्या सामर्थ्याची शिकागोच्या वादकांत ख्याती होती. 1925 च्या सुमारास त्या शहरात आलेला अर्ल हाइन्स, ज्याला पुढे जॅझ पियानोचा एक आद्य शिल्पकार मानले गेले, त्याच्या घडणीत वेदरफर्डचा प्रभाव असल्याचे सर्वसाधारणपणे मान्य केले जाते.

शिकागोत वेदरफर्ड व्हेन्डोम या चित्रपटगृहातील अर्स्किन टेट याच्या वाद्यवृंदात होता. चित्रपट तेव्हा मुके होते. पडद्यावरील प्रसंगांना साथ करणे, आणि मध्यंतरात कधी अभिजात युरोपीय संगीतातील प्रारंभिका तर कधी जॅझ वाजविणे, अशी कामगिरी या वृंदाकडे असे. त्यामुळे येथील वादकाला स्वरलेखन वाचता येणे आणि स्वरलेखन सोडून उत्स्फूर्त वाजविता येणे, ही दोन्ही अंगे लागत. ही दुहेरी तयारी पुढे मुंबईत फार उपयोगी पडली. 28 मे 1926 रोजी या वृंदाच्या दोन रचना व्होकेलियन कंपनीने मुद्रित केल्या. त्यांत ट्रंपेटवर लुई आर्मस्ट्राँग होता आणि पियानोवर वेदरफर्ड. आर्मस्ट्राँगच्या चाहत्यांनी या तबकड्या जपल्या, म्हणून बावीस वर्षांच्या वेदरफर्डचा पियानो आज ऐकावयास मिळतो. त्या तबकडीवर दुसरा एखादा ट्रंपेटवाला असता तर ही मुद्रणेही कदाचित उपेक्षेत गेली असती.

त्याच वर्षी तो अमेरिका सोडून निघाला. जॅक कार्टर या ढोलवादकाने शांघायसाठी जो ताफा उभा केला त्यात तो सामील झाला. क्लॅरिनेटवादक अल्बर्ट निकोलस आणि गायिका व ट्रंपेटवादक व्हॅलेडा स्नो याही त्या ताफ्यात होत्या. त्याने देश का सोडला याचे एकच उत्तर देता येणार नाही. पगार, प्रवासाची हौस, तरुण वय ही कारणे आहेतच. पण वर्णभेदाचे कारण डावलता येणार नाही. शिकागोचा अव्वल पियानोवादक म्हणून लौकिक मिळविलेल्या माणसाला त्याच शहरातील अनेक हॉटेलांत पुढच्या दाराने शिरता येत नव्हते. शांघायमध्ये तो तेथील रंगेल रात्रजीवनाचा मानकरी झाला. 1933 मध्ये कवी लँग्स्टन ह्यूज शांघायला गेला असता वेदरफर्ड त्याला भेटला, आणि या भेटीची नोंद ह्यूजच्या आत्मचरित्रात आहे.

1934 मध्ये वेदरफर्ड अल्पकाळ अमेरिकेत परतला तो नोकरीसाठी नव्हे, तर वादक मिळविण्यासाठी. लॉस एंजेलिसमधून त्याने बक क्लेटन याचा वाद्यवृंद शांघायच्या कॅनिड्रोम नाचघरासाठी नेला. क्लेटनचा तेथे ली जिनहुई या चिनी संगीतकाराशी संबंध आला. चिनी लोकचाली आणि जॅझ यांचा मेळ घालून नागर चिनी चित्रपट-संगीताचा घाट बनविणारा हाच तो ली जिनहुई. क्लेटन पुढे 1936 मध्ये काउंट बेसीच्या वाद्यवृंदात गेला आणि कीर्तिमान झाला. वेदरफर्ड पूर्वेकडेच राहिला. दोघांच्या कीर्तीतील अंतर त्यांच्या वादनातील अंतरापेक्षा पुष्कळच मोठे आहे, आणि त्याचे कारण भूगोलात शोधावे लागते. 1935 नंतरची दहा वर्षे अमेरिकेत जॅझच्या ध्वनिमुद्रणाची सुगी होती, आणि त्या सुगीत वेदरफर्ड शेतावर नव्हता.

मुंबईची भूमी त्याच्या आगमनापूर्वी तयार झाली होती. ताजमहाल हॉटेलात 1935 च्या हिवाळी हंगामात लिऑन अ‍ॅबी या व्हायोलिनवादकाचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद आला. त्याच्या मागून क्रिकेट स्मिथ या ट्रंपेटवादकाने सूत्रे घेतली. स्मिथ हा जुना मोहरा; 1913 मध्ये, म्हणजे जॅझ हा शब्द रूढ होण्यापूर्वी, न्यूयॉर्कमध्ये जेम्स रीस युरोप याच्या वृंदाच्या तबकड्यांवर त्याचा ट्रंपेट मुद्रित झालेला होता. 1936 मध्ये स्मिथच्या वृंदाने मुंबईत ‘ताजमहाल’ नावाचा एक फॉक्सट्रॉट मुद्रित केला. त्याची रचना मीना सायलस यांच्या नावावर आहे. त्याच साली वेदरफर्ड स्मिथच्या वृंदात पियानोवर बसू लागला, आणि पुढे 1938 च्या सुमारास वृंदाचे नेतृत्व त्याच्याकडे आले.

मधल्या काळात, 1937 मध्ये, पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाच्या निमित्ताने तो युरोपला जाऊन आला. ह्यूग पानास्ये आणि शार्ल दलोने यांनी त्याच वर्षी ‘स्विंग’ नावाची, केवळ जॅझला वाहिलेली ध्वनिमुद्रणसंस्था सुरू केली होती. तिच्यासाठी वेदरफर्डने काही एकल पियानोवादने मुद्रित केली. त्यांपैकी एकाचे नाव ‘वेदर बीटन ब्लूज’. ‘ऊनवारा-पाऊस सोसलेला’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दावर स्वतःच्या आडनावाची ही कोटी आहे. कोटी फार उच्च दर्जाची नसली तरी अकरा वर्षे बंदरोबंदर फिरलेल्या माणसाच्या तोंडी ती शोभते. त्याच्या ब्लूजवादनाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने येथूनच आरंभ करावा. या मुद्रणात भोवती वृंद नाही, नर्तक नाहीत, हॉटेलच्या व्यवस्थापकाची घड्याळाकडे नजर नाही. एकटा माणूस आणि वाद्य.

मुंबईत त्याचे स्थान कोणत्या प्रकारचे होते हे नीट समजून घेतले पाहिजे. ताजच्या नृत्यदालनातील श्रोतृवर्ग युरोपीय अधिकारी, संस्थानिक, धनिक पारशी व व्यापारी असा होता. गिरणगावातील कामगार किंवा गिरगावातील कारकून तेथे पोहोचण्याचा संभव नव्हता. गिरगावात त्या वेळी संगीत नाटकांची ओहोटी सुरू होऊन बोलपटाचा पडदा रंगभूमीला गिळू लागला होता. 1932 मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ येऊन गेला होता. एकाच शहरात दोन मैलांच्या अंतरावर ही दोन जगे नांदत होती आणि त्यांची एकमेकांशी ओळखही नव्हती, असे म्हणावेसे वाटते. पण ते पूर्णपणे खरे नाही. एक वर्ग असा होता की जो दोन्ही जगांत वावरत होता, तो म्हणजे गोमंतकीय ख्रिस्ती वादकांचा.

गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलेखन, गायन आणि व्हायोलिन शिकविण्याची परंपरा पोर्तुगीज राजवटीत शतकानुशतके चालत आली होती. गावोगावचे संगीतशिक्षक, ज्यांना ‘मेस्त’ म्हणत, ते हे शिक्षण कडक शिस्तीने देत. या शिक्षणातून निघालेला तरुण उपजीविकेसाठी मुंबईस येई, धोबीतलावच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक निवासात, खाट घेई, आणि ज्या वृंदात जागा मिळेल तेथे बसे. त्याला कोणतेही लिखित संगीत वाचता येत असे. त्याला जे येत नव्हते ते जॅझमध्ये नेमके मोलाचे होते : कागदावर नसलेले वाजविणे, लिहिलेल्या मात्रेच्या किंचित मागे राहणे, स्वर मुद्दाम मळविणे. ही विद्या पुस्तकातून येत नाही. तबकडीवरून थोडी येते. शेजारी बसून पुष्कळ येते. स्मिथ आणि वेदरफर्ड यांच्या मुंबईतील वास्तव्याचे महत्त्व येथे आहे. गोमंतकीय वादकाला चर्चच्या शाळेने लिपी दिली होती. या परदेशी वादकांच्या सहवासाने तिचा उच्चार दिला. भारतीय संगीतशिक्षणात ज्याला सीनाबसीना तालीम म्हणतात, तिचेच हे एक अनोळखी रूप.

वेदरफर्ड मुंबईत कायमचा राहिला नाही. हॉटेलच्या वृंदांचे जीवन हंगामी असे. कोलंबोच्या गॉल फेस हॉटेलातही तो वाजवीत असे. युद्ध सुरू झाल्यावर त्याने आपले ठाणे कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात हलविले. ताजमध्ये त्याची जागा गोमंतकीयांनीच घेतली : मिकी कोरिया याचा वृंद 1939 पासून सुमारे वीस वर्षे तेथे होता. 1942 मध्ये ब्रह्मदेश पडल्यावर कलकत्ता हे दोस्त सैन्याचे पूर्वेकडील मुख्य ठाणे बनले. हजारो अमेरिकन सैनिक शहरात आले, आणि त्यांच्याबरोबर त्यांची ग्रामोफोन-कपाटे व नभोवाणी आली. बूगी-वूगीची लाट तेव्हा अमेरिकेत शिगेला पोहोचलेली होती. ज्या मजूरवस्तीच्या संगीताच्या उगमाशी वेदरफर्डचे तारुण्य गेले, तेच संगीत आता गणवेष घालून त्याच्याकडे परत आले. अमेरिकन सैन्यात गोऱ्या आणि काळ्या तुकड्या अजून वेगळ्याच होत्या. आसामात लेडोपासून ब्रह्मदेशाकडे जाणारा रस्ता खोदणाऱ्या अमेरिकन जवानांत कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती. ज्या भेदापासून दूर जाण्यासाठी तो अर्ध्या जगापलीकडे आला होता, तो भेदही सैन्याच्या सामानाबरोबर कलकत्त्याला उतरला.

कलकत्त्यात त्याने कोलंबिया कंपनीसाठी बरीच मुद्रणे केली. त्यांतील बहुतेक चालू लोकप्रिय गीते आहेत. गायक-गायिका पुढे, पियानो मागे, अशी त्यांची मांडणी असल्यामुळे जॅझच्या समीक्षकांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही. हा आक्षेप एका मर्यादेपर्यंत रास्त आहे. पॅरिसच्या एकल मुद्रणांतील वादक येथे क्वचितच पूर्ण रूपात भेटतो. हॉटेलच्या गिऱ्हाइकांना हवे ते तो पुरवीत आहे हे लपत नाही. परंतु या मुद्रणांचे दुसरे एक मूल्य आहे. त्याच्या वृंदात अमेरिकन, गोमंतकीय, अँग्लो-इंडियन, नेपाळी असे नाना प्रकारचे वादक एकत्र बसत होते. हिंदुस्थानात इतका मिश्र आणि इतका कसलेला वृंद त्यापूर्वी क्वचितच उभा राहिला असेल. त्यांपैकी पुष्कर बहादुर या नेपाळी ट्रंपेटवादकाने व्यवसायासाठी जॉर्ज बँक्स हे नाव घेतले. त्याचा पुढे पुन्हा उल्लेख येईल.

1943 मध्ये बंगालला दुष्काळाने ग्रासले. ग्रँड हॉटेलाच्या दाराबाहेर चौरंगीवर माणसे मरत होती आणि आत नाच चालू होते, ही त्या शहराची तेव्हाची स्थिती होती. दुष्काळाच्या मागोमाग रोगराई आली आणि ती पुढील दोन वर्षे हटली नाही. 25 एप्रिल 1945 रोजी वेदरफर्ड कलकत्त्यात पटकीने मरण पावला. तो अवघा एकेचाळीस वर्षांचा होता. अमेरिकेबाहेर त्याची जवळजवळ एकोणीस वर्षे गेली होती. युद्ध संपल्यावर तो मायदेशी गेला असता, तर 1948 नंतर ज्या दीर्घ तबकड्यांनी जुन्या वादकांना दुसरा जन्म दिला, त्यांत त्याचा समावेश झाला असता असे मानण्यास जागा आहे. पण तो केवळ तर्क ठरेल.

त्याच्या पश्चात जे राहिले त्याचा माग तबकड्यांवरून लागत नाही. तो माणसांवरून काढावा लागतो. स्वातंत्र्यानंतर इंग्रज अधिकारी गेले, संस्थानिकांची संस्थाने गेली, आणि 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांच्या रात्री थंडावल्या. नाचघरांतील गोमंतकीय वादक दादर, अंधेरी, ताडदेव येथील चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणशाळांकडे वळले. तेथे त्यांची गाठ ज्या संगीतकारांशी पडली त्यांत पुणतांब्याचा एक मराठी तरुण होता. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र (1918–1982), हे मुळात पेटीची साथ करणारे. मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये त्यांनी ते काम केले होते. पाश्चात्त्य स्वरलेखनाचे शिक्षण त्यांच्याकडे नव्हते. चाली मात्र अमाप होत्या. चिक चॉकोलेट या नावाने गाजलेला आल्दोना गावचा ट्रंपेटवादक आंतोनियो शाव्हियर वाझ (1916–1967) त्यांचा साहाय्यक झाला. आर्मस्ट्राँगची नक्कल इतकी हुबेहूब करी की लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. ‘समाधी’ (1950), ‘अलबेला’ (1951), ‘आशा’ (1957) या चित्रपटांतील नाचाची गाणी या जोडीच्या सहकार्याचे फळ होत; ‘अलबेला’च्या पडद्यावर तर चिक आपल्या वृंदासह प्रत्यक्ष दिसतो.

येथे एक सावधगिरी बाळगणे इष्ट. सी. रामचंद्रांच्या गाण्यांतील अमुक डाव्या हाताची आकृती थेट वेदरफर्डकडून आली, असे सिद्ध करता येणार नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. ‘समाधी’तील सर्वांत गाजलेली चाल लॅटिन अमेरिकन वळणाच्या एका लोकप्रिय गीतावरून घेतलेली आहे, तिचा ब्लूजशी संबंध नाही. प्रभाव येथे चालींचा नसून वादनाच्या पद्धतीचा आहे : पितळी वाद्यांचा ताफा चालीला मध्येच कसा अडवितो व उत्तर देतो, ढोलाचा जोर दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर कसा पडतो, एकट्या वाद्याला आठ मात्रा मोकळ्या कशा सोडल्या जातात. या सवयी 1935 ते 1940 च्या दरम्यान मुंबईच्या वादकांच्या हातांत रुजल्या आणि 1950 नंतर साऱ्या देशाच्या कानांत गेल्या. शांघायमध्ये क्लेटन आणि ली जिनहुई यांच्यात जे घडले, त्याचाच हा मुंबईतील, थोडा उशिरा आलेला, पाठ होय. फरक एवढाच की शांघायमध्ये कृष्णवर्णीय वादक आणि देशी संगीतकार समोरासमोर आले. मुंबईत त्यांच्या मध्ये गोमंतकीय दुभाषी उभा होता. फ्रँक फर्नांड यांच्यासारख्यांनी या दुभाषाचे काम दोन्ही अंगांनी केले : मुंबईच्या जॅझवृंदांतून ते चित्रपटसंगीतात आले, आणि पुढे ‘आमचें नशीब’ (1963) व ‘निर्मोण’ (1966) हे कोकणी चित्रपटही त्यांनी निर्माण केले. वाद्यमेळ लिहिणाऱ्या या मंडळींची नावे चित्रपटांच्या श्रेयनामावलीत पुष्कळदा आलीच नाहीत. संगीतकाराचे नाव मोठ्या अक्षरांत, वाद्यमेळ रचणाऱ्याचे लहान अक्षरांत किंवा मुळीच नाही, ही प्रथा दीर्घकाळ चालली. तबकडीने वेदरफर्डवर जो अन्याय केला, तोच श्रेयनामावलीने त्याच्या या मुंबईकर वारसांवर केला.

जॉर्ज बँक्सचा मुलगा 1941 मध्ये दार्जिलिंगला जन्मला, आणि बापाने आर्मस्ट्राँगच्या नावावरून त्याचे नाव लुई ठेवले. हा लुई बँक्सही पियानोवादकच झाला; कलकत्त्यात नाव मिळवून तो मुंबईस आला आणि चित्रपट व जाहिरातींच्या संगीतात स्थिरावला. 1988 मध्ये दूरदर्शनने राष्ट्रीय एकात्मतेसाठी जे ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ हे गीत प्रसृत केले, त्याची चाल अशोक पत्की यांची आहे आणि वाद्यमेळ लुई बँक्स यांचा. त्याचा आरंभ पंडित भीमसेन जोशी यांच्या भैरवीने होतो.